कन्सल्टिंग इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू: फ्रेमवर्क पाठ आहेत, पण विचारलं की तोंडातून शब्द फुटत नाही

तुझा प्रश्न दोनदा वाचला. कळव्याला राहतोस, ठाण्यात एसवायबीएमएसला, म्हणजे मॅनेजमेंटच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, दहावीपर्यंत मराठी मीडियम, एका मोठ्या कन्सल्टिंग फर्मच्या दोन महिन्यांच्या समर इंटर्नशिपसाठी शॉर्टलिस्ट झालायस आणि हातात दोन आठवडे आहेत. विचारलंयस तीन गोष्टी: कुठले फ्रेमवर्क (प्रश्न सोडवायचे तयार साचे) पाठ करू, किती केसेस (धंद्याचे सरावाचे प्रश्न) सोडवल्या म्हणजे पुरे, आणि बाबांच्या मेडिकलमध्ये संध्याकाळी बसतो हे रेझ्युमेत आहे ते लाज वाटते म्हणून काढू का. वयाने बरीच मोठी आहे म्हणून अरेतुरे करतेय, चालवून घे.

मी बरीच वर्षं कन्सल्टिंगमध्ये आहे, सानपाड्याला राहते, आणि इंटर्न घेताना पॅनेलवर बसते. म्हणून सांगते, तुझी खरी अडचण या तीन प्रश्नांत नाहीये, ती तू अगदी शेवटी एका ओळीत लिहिलीयस, की केस वाचताना सगळं कळतं पण मित्राने समोर बसून विचारलं की गप्प होतो. तिथेच काम करायचंय. बाकीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात, आणि दोन आठवडे त्याला पुरतात, फक्त ते दोन आठवडे वाचण्यात घालवू नकोस.

आता आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तू फर्मचं नाव लिहिलं नाहीस, ते बरोबरच केलंस, पण इंटरव्ह्यू कसा असेल हे त्यावर खूप ठरतं. मॅकिन्सी, बीसीजी, बेन यांच्याकडे केस हाच इंटरव्ह्यूचा गाभा असतो. त्यातही मॅकिन्सीकडे साधारणपणे पुढचा प्रश्न कुठला हे इंटरव्ह्यू घेणारा ठरवतो, बाकी दोघांकडे बहुतेक वेळा तुलाच सांगावं लागतं की आता मी हे बघतो, मग ते बघतो. त्याआधी कॉम्प्युटरवरची टेस्ट असू शकते, मॅकिन्सीची गेमसारखी आहे, बीसीजीकडे चॅटबॉटवर केस सोडवायला देतात. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी या चौघांकडे मात्र फर्मपेक्षा टीम महत्त्वाची. स्ट्रॅटेजीची टीम असेल तर केस येईल, रिस्क किंवा टॅक्सची असेल तर अकाउंट्स, जीएसटी, एक्सेलवरचे प्रश्न येतील आणि केस कदाचित येणारच नाही. आणि ऐरोलीच्या माइंडस्पेससारख्या ठिकाणी ज्या मोठ्या टेक्नॉलॉजी कन्सल्टिंगवाल्या कंपन्या बसतात त्यांच्याकडे ॲप्टिट्यूड, प्रोजेक्ट आणि बोलणं यावर जास्त भर असतो.

हे कळायला सोपा मार्ग आहे. ज्या एचआरने मेल पाठवलाय तिलाच विचार. दोन ओळींचं साधं मेल: राउंड किती, केस डिस्कशन आहे का टेक्निकल, कुठल्या टीमसाठी. मुलं घाबरतात की विचारलं तर इम्प्रेशन खराब होईल. अजिबात होत नाही. कन्सल्टिंगचं अर्धं काम म्हणजे योग्य माणसाला योग्य प्रश्न वेळेत विचारणं.

पुढचं सगळं मी केस येणार असं धरून लिहितेय कारण तुझी भीती तीच आहे.

केस म्हणजे काय हे तुला माहीत आहे, धंद्याचा एखादा प्रश्न देतात आणि वीस-तीस मिनिटांत तू तो बोलत बोलत सोडवायचा. समोर बसून आम्ही काय बघतो ते सांगते. कागदावर तू आकडा बरोबर आणलास का हे त्यात आहे, पण खूप वरचं नाही. मी स्वतःला सतत विचारत असते की हा मुलगा उद्या माझ्या टीममध्ये आला, क्लायंटचा डेटा त्याच्यासमोर ठेवला आणि मी दोन तास मीटिंगला गेले, तर परत आल्यावर तो मला काय केलं, का केलं, कुठे अडकलाय हे सरळ सांगू शकेल का. म्हणून डोक्यात झालेला आणि बोलून न दाखवलेला विचार माझ्यापर्यंत पोचतच नाही. तू चार मिनिटं कागदावर खरडून एकदम "उत्तर १२ टक्के" म्हणालास, तर ते बरोबर असूनही मला तुझ्याबद्दल काहीच कळत नाही, आणि चूक असेल तर मी मदतही करू शकत नाही कारण चूक कुठल्या पायरीवर झाली हेच दिसलेलं नाही. उलट मोठ्याने बोलणारा मुलगा चुकला तर मी मध्येच म्हणू शकते की अरे एक मिनिट, महिन्याचं म्हणालास का वर्षाचं. तो "हो, वर्षाचं, बाराने भागतो" म्हणतो आणि पुढे जातो, विषय संपला. आम्ही हिंट देतो ते पाडायला नाही, हिंट घेतली जाते का हे बघायला.

आता फ्रेमवर्क. पाठ करू नकोस असं मी म्हणत नाही, नफा म्हणजे विक्री वजा खर्च, विक्री म्हणजे किंमत गुणिले संख्या, एवढं झोपेतही यायला हवं. पण नाव घेऊन फ्रेमवर्क अंगावर फेकणं सोडून दे. दरवर्षी बघते, प्रश्न असतो या वर्षी नफा का घसरला, आणि मुलं मॅनेजमेंटचे अभ्यासक मायकेल पोर्टर यांचे फाइव्ह फोर्सेस मांडायला घेतात. पोर्टरनी ते १९७९ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडले ते एखाद्या इंडस्ट्रीत स्पर्धेचा दाब कुठून कुठून येतो, तिथे पैसे कमावणं किती अवघड हे समजायला. एका कंपनीचा नफा मागच्या बारा महिन्यांत का उतरला याचं उत्तर त्यातून थेट येत नाही. दुसरं, सगळे 'मीसी' (MECE) म्हणतात. बार्बरा मिंटो १९६०च्या दशकात मॅकिन्सीत होत्या, ही कल्पना त्यांची: तुकडे असे पाडा की एकमेकांवर चढणार नाहीत आणि मिळून काही सुटणारही नाही. ती कल्पना उत्तम आहे, पण "माझं स्ट्रक्चर मीसी आहे" असं तोंडाने सांगायची गरज नसते, पाडलेले तुकडे बघून ते कळतं. गिऱ्हाइकांचे तुकडे "तरुण, बायका, ऑफिसवाले" असे पाडलेस तर ऑफिसला जाणारी तरुण मुलगी तिन्हीत बसते आणि रिटायर झालेले आजोबा कशातच नाहीत, हे दिसलं पाहिजे. तेवढं दिसलं की झालं.

गेस्टिमेट, म्हणजे माहीत नसलेला आकडा तर्काने अंदाजे काढायचा प्रश्न, येण्याची शक्यता चांगली आहे, इंटर्नशिपला तर हमखास, कारण त्याला कॉमर्सचं फार ज्ञान लागत नाही. एक करून दाखवते, मी सरावाला देते तो. ठाणे शहरात रोज पोळी-भाजी केंद्रातून किती पोळ्या विकल्या जात असतील?

इथे पहिलं वाक्य आकड्याचं नको, हद्दीचं हवं. ठाणे म्हणजे महापालिकेची हद्द धरू का, आणि फक्त पोळी-भाजी केंद्र, हॉटेलातली चपाती नाही, बरोबर ना? मग लोकसंख्या. २०११च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची १८.४ लाखाच्या आसपास होती, घोडबंदर रोडला तेव्हापासून केवढं बांधकाम झालंय, मी आज २४ लाख धरतो. घरात सरासरी चार माणसं, म्हणजे ६ लाख घरं. यातली कुठली घरं तयार पोळ्या घेतील? जिथे दोघंही कमावतात, किंवा म्हातारे दोघंच राहतात, आणि रोज बाहेरच्या पोळीचा खर्च झेपतो. साधारण एक तृतीयांश धरू, २ लाख घरं. ही घरं रोज घेत नाहीत, कोणाकडे पोळ्यांना बाई येते, तिने दांडी मारली की मगच केंद्र. कुठल्याही एका दिवशी पाचातलं एक घर धरलं तर ४० हजार घरं, घराला ८ पोळ्या, झाल्या ३.२ लाख पोळ्या.

बहुतेक जण इथे थांबतात. तू थांबू नकोस, कारण पुढची दोन मिनिटं मार्क मिळवून देतात. उलट्या बाजूने तपास. एक केंद्र दिवसाला किती पोळ्या करत असेल? दोन-तीन बायका सकाळ-संध्याकाळ लाटत असतील तर ८०० धर. ३.२ लाख भागिले ८००, म्हणजे ४०० केंद्रं, म्हणजे ६ हजार माणसांमागे एक. नौपाड्यात, राम मारुती रोडच्या बाजूला हे कमी वाटेल, तिथे जागोजागी आहेत. दिवा-मुंब्र्याकडे जास्त वाटेल. सरासरी म्हणून पटण्यासारखं आहे, आणि मी पीजीत राहणारी मुलं धरली नाहीत, ती धरली तर थोडं वर जाईल. एवढं बोललास की समोरच्याला कळतं की या मुलाला आपला आकडा किती कच्चा आहे आणि नेमका कुठे कच्चा आहे हे माहीत आहे. खरा आकडा काय हे मलाही माहीत नसतं आणि मला त्याच्याशी घेणंदेणं नसतं.

आता पूर्ण केस. हीसुद्धा मी सरावासाठी रचलेली आहे, आकडे सोपे ठेवलेत, पण दुखणं खरं आहे. ठाणे आणि नवी मुंबईत पॅथॉलॉजी लॅबची एक चेन आहे. वर्षभरात विक्री वीस टक्क्यांहून जास्त वाढली, तरी नफा कमी झाला. मालक विचारतोय का, आणि मी काय करू.

पहिली गोष्ट, प्रश्न स्वतःच्या शब्दांत परत सांग आणि एक-दोन कामाचे प्रश्न विचार. विक्री वाढली ती पेशंट वाढल्यामुळे का दर वाढवल्यामुळे? नवीन काही सुरू केलं का? इथे मी सांगेन की दर वाढवले नाहीत, पेशंट महिन्याला १० हजारांचे १३ हजार झाले, आणि घरी येऊन सॅम्पल घ्यायची सेवा सुरू केली. मग "एक मिनिट देता का" म्हणून कागद घे. हे मिनिट सगळे देतात, हक्काने माग. कागदावर दोन बाजू, विक्री आणि खर्च, आणि विक्रीचे परत दोन भाग: सेंटरवर येणारे पेशंट आणि घरून सॅम्पल देणारे. हा शेवटचा तुकडा कुठल्याच पाठ केलेल्या फ्रेमवर्कमध्ये लिहिलेला नसतो, तो तू माझं उत्तर ऐकून पाडलास, आणि नेमकं तेच मला बघायचं असतं.

मग आकडे मागशील. मी देईन. सेंटरच्या पेशंटचं सरासरी बिल ६०० रुपये, टेस्टचं सामान वगैरे २०० रुपये. घरच्या पेशंटचं बिल डिस्काउंट देऊन ५००, सामान तेवढंच २००, बुकिंग ॲपवरून येतं म्हणून कमिशन १००. सॅम्पल घ्यायला जाणारा मुलगा पगार-पेट्रोल धरून महिन्याला २४ हजार, दिवसाला ८ घरं करतो, महिन्याचे २५ दिवस. भाडं, मशीन, स्टाफ मिळून कायमचा खर्च महिन्याला ३० लाख, तो बदललेला नाही. आता १३ हजारांपैकी सेंटरवर ८ हजार येतात, घरून ५ हजार.

मोठ्याने कर. मुलगा महिन्याला ८ गुणिले २५, २०० घरं करतो, म्हणजे एका घरामागे १२० रुपये. सेंटरचा पेशंट ६०० वजा २००, हातात ४००. घरचा पेशंट ५०० वजा २०० वजा १०० वजा १२०, हातात ८०. इथे थांबून माझ्याकडे बघून म्हण की घरचा पेशंट सेंटरच्या पेशंटच्या एक पंचमांशच देतो, मला वाटतं गोम इथे आहे. मग पूर्ण चित्र. मागच्या वर्षी महिन्याला १० हजार गुणिले ४००, ४० लाख, वजा ३०, नफा १० लाख. या वर्षी सेंटरचे ३२ लाख अधिक घरचे ४ लाख, ३६ लाख, वजा ३०, नफा ६ लाख. विक्री ६० लाखांची ७३ लाख झाली आणि नफा ४ लाखांनी उतरला.

चांगला मुलगा इथपर्यंत येतो. खूप चांगला मुलगा पुढचं एक वाक्य बोलतो: सेंटरवर येणारे २ हजार पेशंट कमी झालेत, ते बहुतेक घरच्या सेवेकडेच वळलेत. त्या प्रत्येकामागे ३२० रुपये गेले, म्हणजे ६.४ लाख. नवीन मिळालेल्या ३ हजारांनी ८० रुपयांप्रमाणे २.४ लाख आणले. फरक बरोबर ४ लाख. म्हणजे सेवा सुरू करणं चूक नव्हतं, ती जे आधीच सेंटरवर येत होते त्यांनाही डिस्काउंटमध्ये दिली गेली ही चूक.

आणि मग उपाय. "खर्च कमी करावा, मार्केटिंग वाढवावं" हे बोलू नकोस, ते कुठल्याही कंपनीला लागू पडतं. विचार कर की तो सॅम्पल घेणारा मुलगा आठच घरं का करतो. उपाशीपोटीचं सॅम्पल सगळ्यांना सकाळी सात ते नऊमध्येच द्यायचं असतं, आणि एक घर माजिवड्याला, दुसरं कासारवडवलीला असेल तर त्याची सकाळ घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्येच जाते. मग सोसायटीप्रमाणे वार ठरवून द्या, एका कॉम्प्लेक्समध्ये एका सकाळी सगळे. दिवसाला १२ घरं झाली तर महिन्याला ३००, एका घरामागे १२०चे ८० रुपये, ५ हजार घरांवर २ लाख वाचले. ज्यांनी एकदा ॲपवरून बोलावलंय त्यांना पुढच्या वेळी लॅबच्या व्हॉट्सॲप नंबरवर बुक करायला लावा, निम्मे जरी आले तरी २,५०० गुणिले १००, अडीच लाख. दोन्ही मिळून साडेचार, नफा १०.५ लाख. आणि जोखीमही सांग, की वार ठरवून दिले तर काही पेशंट दुसऱ्या लॅबकडे जातील, म्हणून आधी दोन-तीन मोठ्या सोसायट्यांत करून बघू. एवढं वीस मिनिटांत झालं तर मी आनंदाने पेन खाली ठेवते.

आता लक्षात आलं का, यात मॅनेजमेंटची पुस्तकं जेवढी लागली त्याहून जास्त ठाण्यात राहून डोळे उघडे ठेवणं लागलं. म्हणूनच तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी अगदी ठामपणे देते: मेडिकलची ओळ काढू नकोस. उलट वर आण आणि नीट लिही. सध्या तू लिहिलंयस "वडिलांच्या दुकानात मदत", यातून काही कळत नाही. तूच प्रश्नात लिहिलंस ना की एक्सपायरी जवळ आलेला माल वेगळा काढायची एक्सेल शीट केलीस आणि त्यामुळे स्टॉकिस्टकडे परत करायची मुदत आता चुकत नाही? मग तेच लिही, आणि आधी महिन्याला साधारण किती रुपयांचा माल वाया जायचा, आता किती, हे बाबांबरोबर बसून बिलांवरून काढ. अंदाजाने फुगवलेला आकडा टाकू नकोस, आम्ही खोदून विचारतो आणि दोन प्रश्नांत उघडं पडतं.

ते दुकान तुला आणखी बरंच देतं. सरकारने किंमत ठरवलेल्या औषधांवर रिटेलरचं मार्जिन १६ टक्के धरलेलं असतं, मग ऑनलाइनवाला वीस टक्के डिस्काउंट कुठून देतो? बाबा देऊ शकतात का? नाही देत तरी गिऱ्हाईक का येतं, उधारीमुळे, रात्री अकराला उघडं असतं म्हणून, का डॉक्टर शेजारी आहे म्हणून? या प्रश्नांवर बाबांशी एक संध्याकाळ बोल. रिटेलची कुठलीही केस आली तर तुझ्याकडे बोलायला खरी गोष्ट असेल. एक मात्र पाळ, कुठल्या शेजाऱ्याचं कुठलं औषध चालू आहे हे तुला गल्ल्यावर बसून माहीत असतं, ते उदाहरणातसुद्धा नाव किंवा ओळख पटेल असं सांगू नकोस. क्लायंटची माहिती बाहेर न बोलणं हा आमच्या कामाचा पहिला नियम आहे आणि तू तो आधीपासून पाळतोस हे त्यातून आपोआप दिसतं.

केसशिवाय जो राउंड असतो, तुझ्याबद्दलचा, त्यात "कोणाला तरी पटवून दिलंस असा प्रसंग सांग" हा प्रश्न जवळजवळ नक्की. त्याला पुस्तकी उत्तर नको. बाबांना वहीवरून एक्सेलवर आणताना ते काय म्हणाले, तू काय दाखवलंस, पहिल्यांदा नाही का म्हणाले, मग कशाने मानले. आणि "आम्ही" कमी, "मी" जास्त. मराठी घरात "मी केलं" म्हणणं आगाऊपणा वाटतो, मला कळतं, पण इंटरव्ह्यूत मला तुझं काम वेगळं काढून बघायचं असतं, "आम्ही" म्हणालास की मला परत विचारावं लागतं की त्यातलं तू काय केलंस. कन्सल्टिंगच का, याला "खूप शिकायला मिळतं" सगळेच म्हणतात, त्यापेक्षा एक दुकान आतून बघितलंय, आता तोच हिशोब मोठ्या कंपनीत कसा मांडतात ते बघायचंय, हे तुझं आहे आणि खरंही आहे. बिग फोरपैकी, म्हणजे डेलॉइट वगैरे त्या चौघांपैकी फर्म असेल तर एवढं माहीत असू दे की हे लोक ऑडिटही करतात, आणि कंपनी कायदा २०१३च्या कलम १४४ प्रमाणे ज्या कंपनीचं ऑडिट करतात तिला मॅनेजमेंट सर्व्हिसेससारख्या बऱ्याच सेवा देता येत नाहीत. नवीन क्लायंट घेताना आधी हे तपासलं जातं. हे माहीत असलेला एसवायचा मुलगा क्वचित भेटतो.

इंग्रजीबद्दल. इंटरव्ह्यू इंग्रजीत होणार आणि तुला त्याचीच सगळ्यात जास्त धास्ती आहे. माझा अनुभव असा की मराठी मीडियमची मुलं इंग्रजीमुळे तितकी पडत नाहीत जितकी लांब वाक्य सुरू करून मध्ये अडकल्यामुळे पडतात. छोटी वाक्यं बोल. सहा-सात शब्दांची. आधी निष्कर्ष, मग कारण, मग पुढे काय बघणार. ॲक्सेंटकडे कोणी लक्ष देत नाही, उगाच कमावलेला असेल तरच जातं. विचार मराठीत करायचा असेल तर खुशाल कर, त्या मागून घेतलेल्या मिनिटात कागदावर मराठीत लिहिलंस तरी चालेल. लाख-कोटीत बोललास तरी चालतं, पण समोरचा मिलियनमध्ये आकडे देईल, त्यामुळे १० लाख म्हणजे एक मिलियन आणि एक कोटी म्हणजे दहा मिलियन हे घोकून ठेव. शून्यं तिथेच हरवतात.

दोन आठवडे कसे वापरायचे. पहिले दोन-तीन दिवस वाच, केसबुक्स फुकट मिळतात, मोठ्या कॉलेजांच्या कन्सल्टिंग क्लबनी काढलेली पीडीएफ फिरत असतात आणि मॅकिन्सी, बीसीजी, बेनच्या वेबसाइटवर सरावाच्या केसेस आहेत. त्यानंतर एकट्याने वाचणं बंद. रोज एक केस, मोठ्याने, समोर माणूस. तो माणूस बीएमएसचाच असायला हवा असं नाही, केसबुकात उत्तर दिलेलं असतं, बहिणीला ते धरून प्रश्न विचारायला बसव. तिला एकच काम सांग, की जिथे तिला तुझं म्हणणं समजलं नाही तिथे हात वर करायचा. ज्या दिवशी कोणी नसेल त्या दिवशी फोनवर रेकॉर्ड कर आणि परत ऐक, ऐकायला फार नको वाटतं पण कुठे गप्प होतोस ते सेकंदात कळतं. किती केसेस हे विचारलंस ना, दहा-बारा मोठ्याने सोडवलेल्या आणि प्रत्येकीनंतर काय सुटलं हे लिहून काढलेलं, हे पन्नास नुसत्या वाचलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त कामाला येतं. शिवाय रोज पंधरा मिनिटं कॅल्क्युलेटरशिवाय टक्केवारी आणि भागाकार. दुकानात बसतोस तेव्हा बिलं तोंडी करून बघ, मग मशीनवर ताडून बघ.

प्रत्यक्ष इंटरव्ह्यू बीकेसीला असेल तर आदल्या आठवड्यात एकदा त्याच वेळेला जाऊन ये. कळव्याला स्लो लोकलच थांबते, सकाळच्या गर्दीत चढायला मिळेल असं धरू नको, आणि कुर्ल्याला उतरल्यावर बस नाहीतर शेअर रिक्षाची लाइन वेगळी. शर्ट इस्त्रीचा राहील एवढा वेळ हातात ठेव. ऑनलाइन असेल तर दुकानाच्या मागच्या खोलीतून देऊ नकोस, मित्राच्या घरी किंवा कॉलेजच्या रिकाम्या वर्गात बस, कागद-पेन जवळ, आणि दुसऱ्या स्क्रीनवर चॅटजीपीटी उघडून वाचून दाखवायचा मोह टाळ. डोळे कुठे फिरतायत ते दिसतं, उत्तर तीन सेकंद उशिरा येतं, आणि एकदा तसा संशय आला की पुढचं काही ऐकलं जात नाही.

मध्ये ब्लँक झालास तर काय, हेही विचारून टाकते तुझ्या वतीने. गप्प बसू नकोस, जे झालंय ते सांग: "आत्तापर्यंत मला हे कळलंय, इथे अडकलोय, मला वाटतं पुढे खर्चाकडे बघायला हवं, बरोबर आहे का?" हे इंग्रजीत चार छोटी वाक्यं होतात. ती आत्ताच तयार करून बहिणीसमोर म्हणून बघ, म्हणजे त्या क्षणी शोधावी लागणार नाहीत. एका मुलीने मागे ऐन शेवटी स्वतःच म्हटलं होतं की माझा मघाचा आकडा दहापट चुकलाय, मी परत करते, आणि शांतपणे परत केला. आम्ही तिला घेतलं, कारण क्लायंटकडे चुकीचा आकडा जाण्याआधी थांबणारी माणसंच आम्हाला हवी असतात.

शेवटी "तुझे काही प्रश्न?" विचारतील. स्टायपेंड आणि सुट्ट्या एचआरला विचारायच्या, पॅनेलला नाही. पॅनेलला विचार की मागच्या इंटर्नने पहिल्या दोन आठवड्यांत नेमकं काय काम केलं. त्याचं उत्तर तुला खरंच हवं आहे, कारण त्यावरून कळेल की ते दोन महिने तू काम शिकणार आहेस का फक्त स्लाइड्सचे फॉन्ट सरळ करत बसणार आहेस. आणि एचआरला ते मेल मात्र आजच टाक, टीम कुठली हे कळलं की सांग, टॅक्स किंवा रिस्क निघाली तर सरावाच्या केसेस निम्म्या करून अकाउंट्स आणि एक्सेलला वेळ द्यायला लागेल, त्याचं मी वेगळं लिहीन.